मुलगा नेव्हीत जातो म्हणाला, तर

मागच्या उन्हाळ्यात गंगापुरातले एक शेतकरी भाऊ माझ्याकडे आले. आमच्या रात्रीच्या वर्गात ते दोन हिवाळे बसलेले. हातात एक कागद होता.

“गुरुजी, धाकटं पोरगं बारावी झालं. नेव्हीत जातो म्हणतंय. एक माणूस काम करून देतो म्हणाला. तीन लाख मागतोय. गोदाकाठचं एकरभर रान विकावं म्हणतो. तुम्ही काय सांगता?”

मुलाची आईही सोबत होती. ती म्हणाली, “मला हे पसंत नाही. आमच्यात कुणी समुद्र पाहिला नाही. पोराला पोहताही येत नाही.”

मी म्हणालो, “भाऊ, कागद तुम्हीच वाचा.”

भाऊंनी ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वर मोठ्या अक्षरांत होते, ‘मर्चंट नेव्ही’. अगदी खाली बारीक अक्षरांत होते, ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.’ ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि कागदाची घडी घातली.

मंडळी, इथेच पुष्कळांची फसगत होते. नेव्ही म्हणजे नौदल. ते देशाचे सैन्य आहे. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू व्यापारी जहाजे. तीही चांगली नोकरी आहे, पण ती कंपन्यांची. तिचे शिक्षण फी भरून घ्यावे लागते. ती शाळा केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली असावी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे. मान्य शाळांची यादी ते जाहीर करते. यादीत नाव नसेल, तर एक रुपयाही देऊ नये.

नौदलाच्या भरतीत मात्र मध्यस्थाचे काही काम नाही. अर्जाची लहानशी फी सोडली, तर कोणाला काही द्यायचे नसते.

नौदलात जायच्या दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट अग्निवीराची. ही योजना २०२२ साली सुरू झाली. एका भरतीला दहावी पास चालतो. दुसरीला बारावी लागते, आणि तीत गणित व भौतिकशास्त्र हे विषय हवेत. लेखी परीक्षा, धावणे, दंड, उठाबशा आणि डॉक्टरी तपासणी होते. पुढचे शिक्षण ओडिशात, आय.एन.एस. चिल्का येथे मिळते. २०२३ साली तिथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत मुलीही होत्या. पोहणे तिथे शिकवतात, म्हणून आईने त्याचा घोर करू नये.

पण आईबापांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही नोकरी चार वर्षांची आहे. योजना सुरू झाली तेव्हा असे ठरले, की शंभरांतले जास्तीत जास्त पंचवीस पुढे कायम होतील. पहिल्या वर्षी पगार महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० कापून ठेवतात आणि सरकार तेवढेच घालते. चार वर्षांनी दहा लाखांवर रक्कम हाती येते. पेन्शन मात्र नाही. म्हणून पाचव्या वर्षी काय करायचे, याचा विचार पहिल्याच दिवशी करावा. नोकरीत असताना पुढचे शिक्षण आणि हातचा हुन्नर सोडू नये.

दुसरी वाट अधिकाऱ्याची. बारावीला गणित, भौतिक आणि रसायन घेऊन एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची. ती वर्षातून दोनदा होते. निवड झाली, की पुण्याजवळ खडकवासल्याला तीन वर्षे शिक्षण. नंतर केरळात एळिमला येथील नौदलाच्या अकादमीत. शिक्षणाचा खर्च सरकार करते. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे.

या परीक्षेच्या तयारीची सरकारी संस्था आपल्याच जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगरला आहे. राज्य सरकारने ती १९७७ साली मुलांसाठी काढली. दहावीनंतर तिथे प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे तयारी करून घेतात. गंगापुराहून तासाभराची वाट, पण आपल्याकडे कितीकांना तिची खबर नसते. दहावीच्या वर्षीच चौकशी केली, तर संधी सापडते.

हे सारे मी त्या दोघांना सांगितले. मग मुलाला बोलावून विचारले, “बाबा, तुला काय वाटते? मित्र चालले म्हणून जातोस, की मनापासून?” तो म्हणाला, “मनापासून, गुरुजी. मशीनचं काम शिकायचंय. चार वर्षांनी परत यावं लागलं, तरी हुन्नर हाती राहील.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पत्र टाकत जाईल ना?” मी म्हणालो, “फोनही करील. पण जहाज समुद्रात असले, की काही दिवस खबर येणार नाही. तेवढा धीर तुम्हाला धरावा लागेल.”

आईबापांनी मुलाला एकदम ‘जा’ म्हणू नये, एकदम ‘नको’ही म्हणू नये. आधी माहिती काढावी. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मग मुलाचे ऐकावे.

त्या मुलाने नौदलाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरला. बापाने तो वाचून पाहिला. आता तो रोज पहाटे धावतो. निवड होईल न होईल, पण गोदाकाठचे एकरभर रान विकले गेले नाही.