ओळख एक, खुणा अनेक

राजुरा किंवा धानोरा येथील रेशन दुकानात कार्डधारक यंत्रावर बोट टेकवतो. ठसा आधारच्या मध्यवर्ती संगणकाकडे जातो व काही क्षणांत उत्तर येते: जुळला किंवा जुळला नाही. या तपासणीला 'प्रमाणीकरण' म्हणतात. देशातील पहिले आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले.

तपासणारा संगणक एकच, पण विचारणाऱ्या संस्था अनेक. यात धोका कोणता? समजा, एका तरुणाचा १२ अंकी आधार क्रमांक दूरध्वनी कंपनीच्या यादीत आहे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यादीतही आहे. दोन्ही याद्या एकाच्या हाती लागल्या, तर क्रमांकावरून ओळी जुळवून त्याचे बरेचसे खाजगी आयुष्य मांडता येईल!

यावरचा उपाय तुमच्या परिचयाचा आहे. हजेरीपटावर तुमचा क्रमांक १७ असेल, ग्रंथालयात २०४, तर बोर्डाच्या परीक्षेतील बैठक क्रमांक निराळाच असतो. बैठक क्रमांकावरून तुम्ही कोणती पुस्तके वाचता, हे परीक्षकाला कळत नाही.

हेच तत्त्व वापरण्याचे आधार प्राधिकरणाने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. ज्या संस्थांना आधार क्रमांक साठवण्याची मुभा नाही, त्यांना त्याऐवजी ७२ अक्षरे व अंक असलेली एक खूण मिळते. तीच व्यक्ती त्याच संस्थेकडे पुन्हा गेली, तर तीच खूण येते; दुसऱ्या संस्थेला मात्र वेगळी खूण मिळते. त्यामुळे जुना ग्राहक ओळखता येतो, पण दोन संस्थांच्या याद्या खुणेवरून जुळत नाहीत.

खुणेवरून मूळ क्रमांक काढता येऊ नये, हेही महत्त्वाचे. सुलटे सोपे, उलटे अवघड, असे गणित असते का? ८९ ला ९७ ने गुणा. ८६३३ हे उत्तर लगेच येईल. पण केवळ ८६३३ देऊन अवयव विचारले, तर बराच वेळ लागेल. संख्या फार मोठ्या घेतल्या, तर संगणकही थकतो.

मात्र एक फट उरतेच. दोन्ही याद्यांत एकच मोबाइल क्रमांक लिहिला असेल, तर वेगळ्या खुणांचा उपयोग काय? म्हणून गरजेपुरतीच माहिती घेणे, हे वेगळ्या खुणांइतकेच आवश्यक आहे.

तुमच्या शाळेतील दोन नोंदवह्या शिक्षकांसह पाहा. कोणते रकाने दोन्हींत आहेत? त्यांपैकी किती खरोखर लागतात?