पाण्याखालची नाळ

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पण धाम नदी आहे, वर्धा नदी आहे आणि गावोगाव विहिरी आहेत. तेव्हा पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली दडी मारण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. वीतभर खोलीवर हा खेळ मजेत जमतो. देठाऐवजी लांब नळी घेऊन पुरुषभर खाली जावे, तर मात्र छाती फुगता फुगत नाही. नळीतली हवा काठावरच्याच दाबाची असते आणि छातीवर तर पाण्याचा भार पडलेला असतो!

पाणबुड्याच्या साऱ्या सरंजामाचे मर्म इथे आहे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून पाणबुड्याला हवा द्यायची ती त्या खोलीच्या दाबानेच दिली पाहिजे. पण समजा, अशी नळी वरच्या बाजूला फुटली, तर? शिरस्त्राणातली हवा क्षणात वर धावेल आणि पाण्याचा दाब माणसाला चिरडून टाकील. यावर उपाय म्हणजे शिरस्त्राणाच्या तोंडाशी बसवलेली चिमुकली एकेरी झडप. सायकलच्या ट्यूबच्या वॉल्व्हप्रमाणे ती हवेला आत येऊ देते, परत जाऊ देत नाही.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात १९७४ साली ‘मुंबई हाय’चे तेल सापडले. तिथे पाणी सुमारे ७५ ते ८० मीटर खोल. तळाशी दाब जवळजवळ नऊपट! एवढ्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो; म्हणून खोल कामाला ऑक्सिजनबरोबर हेलियम देतात. पण एक अडचण सोडवावी तर दुसरी उभी राहते. हेलियम अंगातली ऊब चटकन पळवतो. म्हणून पोशाखात गरम पाणी खेळवावे लागते. आवाज बदकासारखा होतो; म्हणून तो वरच्या यंत्राने समजण्याजोगा करावा लागतो. अशा रीतीने एका नळीची झाली जाडजूड मोळी: श्वासाची नळी, गरम पाण्याची नळी, टेलिफोन व दिव्याच्या तारा आणि खोली मोजणारी बारीक नळी. तिला म्हणतात ‘नाळ’. ही नाळ ओढ सोसणारी हवी, पण मुरडून बंद पडणारी नको. जड झाली तर माणसाला ओढते, हलकी झाली तर तरंगून गुंतते. शिवाय जहाजाच्या पंख्यापर्यंत माणूस पोहोचणार नाही, इतकीच तिची लांबी ठेवावी लागते.

पण नाळच तुटली तर? पाठीवर राखीव नळकांडे असते. मात्र काठावर तासभर पुरणारा वायू नऊपट दाबाखाली जेमतेम सात मिनिटे पुरतो. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर समुद्रात सुमारे ९० मीटर खोलीवर ख्रिस लेमन्स या पाणबुड्यावर हाच प्रसंग आला. जहाजाची यंत्रणा बिघडली, जहाज वाहवले आणि नाळ तुटली. सोबत्यांनी त्याला उचलले तेव्हा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लोटला होता. तरीही तो वाचला! आता उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून तोच वायू पुन्हा वापरणारी राखीव साधने निघाली आहेत.

वर आल्यावरही सुटका नसते. दाबाखाली अंगात मुरलेला वायू एकदम मोकळा झाला, तर सोड्याच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे उठतात. म्हणून ही माणसे कामाचे दिवस जहाजावरच्या दाबबंद कोठडीत काढतात आणि दाब दिवसादिवसाने उतरवावा लागतो. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हायच्या फलाटावर आदळले, आगीचा डोंब उसळला आणि २२ जणांचा बळी गेला. त्या वेळी जहाजावरच्या कोठडीत सहा पाणबुडे होते. दार उघडून पळणे म्हणजे मरणच! छत्तीस तासांनंतर त्यांची सुटका झाली.

आपल्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरणारा माणूस आधी वर पाहतो आणि दोर कोणाच्या हाती आहे याची खात्री करतो. पाणबुड्याच्या नाळेचेही तेच आहे. कितीही झडपा बसवा, दुसरे टोक धरणारा जागा असला पाहिजे.