हरकत पोचली, पण वाचता आली का?

शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. मुदत मोजकी असते. अशा वेळी मेहनतीने लिहिलेली हरकत पलीकडच्या टेबलावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडली, तर मुद्दा कितीही सबळ असो, तो तिथेच अडतो.

गैरसमज : मराठीत टाइप केलं, म्हणजे मराठीतच पोचणार.

जुन्या फाँटांचं तसं नाही. कृतिदेवमध्ये उमटलेला ‘क’ संगणकाच्या लेखी रोमन ‘डी’ असतो; त्याला ‘क’चं रूप फाँट देतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा खच दिसतो. फाँटची फाइल सोबत जोडून भागत नाही, कारण कार्यालयातल्या लिपिकाला संगणकावर काही इन्स्टॉल करायची मुभा बहुधा नसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच आहे; फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं. केंद्र सरकारने २००९ मध्येच ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं आहे. तरीही जुन्या फाँटांत टाइप केलेले अर्ज आजही जातात, याचं वाईट वाटतं.

गैरसमज : पीडीएफ केली की काळजी मिटली.

निम्मी मिटते. पीडीएफमध्ये फाँट सामावलेला असला, तर पान सगळीकडे सारखं दिसतं. २००८ पासून पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण जुन्या फाँटमधल्या मजकुराची पीडीएफ दिसायला शुद्ध मराठी असली, तरी तिच्यात ‘आरक्षण’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. प्रिंट काढून, सही करून, स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर निव्वळ फोटो. हरकतींच्या ढिगातून एखादा सर्व्हे नंबर शोधणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि स्क्रीन रीडरवर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन अधिकाऱ्यासाठी ती कोरी असते. सहीचा स्कॅन हवा असेल तर जरूर जोडा, पण त्याच्यासोबत थेट टाइप केलेल्या मजकुरातून बनवलेली पीडीएफही द्या.

गैरसमज : वर्ड सगळ्यांकडे असतंच.

नसतं, आणि असलं तरी आवृत्ती निराळी निघाली की तक्ते सरकतात. मजकूर पुढे संपादित व्हायचा असेल, तर ओडीटी हा फाइलप्रकार चांगला. ते २००६ पासून खुलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये ते मुळातच चालतं. पीडीएफ बनवायलाही तेच पुरतं.

गैरसमज : फाइलच्या नावाची शेपटी बदलली की प्रकार बदलतो.

‘जेपीजी’ पुसून ‘पीडीएफ’ लिहिलं, तरी आत फोटोच राहतो. आयफोनचे फोटो २०१७ पासून बहुधा एचईआयसी प्रकारात साठतात. ते जुन्या संगणकांवर उघडत नाहीत, म्हणून आधी जेपीजीत रूपांतर करून घ्यावं.

गैरसमज : पीडीएफवर काळी पट्टी ओढली की आधार क्रमांक झाकला.

पट्टीखालचा मजकूर अनेकदा तसाच असतो आणि कॉपी करून वाचता येतो. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर शेवटचे चारच अंक दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ मिळतं; जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही, तिथे तेच जोडावं.

पाठवण्यापूर्वी पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरं आली, तर मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय गत्यंतर नाही. युनिकोड असूनही काही सॉफ्टवेअरच्या पीडीएफमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं कॉपी करताना विस्कटतात. तसं दिसलं, तर पीडीएफच्या जोडीला मूळ ओडीटी फाइलही पाठवा.