कळसूबाईला जाताना काठी घ्यायची का?

नवरात्र जवळ आलं की बचत गटात सहलीचा विषय निघतोच. यंदा आमच्या गटानं कळसूबाईचा बेत केला. गाडी ठरली, भाकरी कोणी आणायच्या तेही ठरलं. अडलं ते काठीवर. एक काकू म्हणाल्या, “मी काठी घेणार.” लगेच कोणीतरी हसलं, “काय काकू, म्हाताऱ्या झालात का?” काकू गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, “मी काही येत नाही.” म्हणून आज काठीविषयीच बोलू.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट वर जाते. वाटेत मातीची चढण आहे, दगड आहेत, कातळ आहे आणि उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. चढायला दोन-तीन तास सहज लागतात.

चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार खाली येतो आणि मांडीचे स्नायू तो आवरून धरतात. बराच दाब गुडघ्याच्या वाटीमागे पडतो. तासाभरानं मांड्या थकतात, पाय लटपटू लागतात आणि मग पाय घसरतो. काठी टेकली की त्यातला थोडा भार हातांवर जातो. शिवाय दोन पायांना तिसरा आधार मिळाल्यानं तोल सावरतो. डोंगरात रोज फिरणारा गुराखीसुद्धा काठी घेऊनच निघतो. त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही.

पण काठीची अडचणही होते. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. हातात काठी धरून शिडी चढणं धोक्याचं आहे. शिडी आली की काठी पिशवीला किंवा पाठीला घट्ट बांधायची, तिचं टोक मागच्या बाईच्या तोंडाला लागणार नाही असं बघायचं. म्हणून ज्यांना घ्यायची आहे त्यांनी एकच काठी घ्यावी, ती सांभाळायला सोपी. दुकानात घडीची काठी मिळते, ती लहान होऊन पिशवीत बसते. तिचे जोड नीट आवळलेत ना, ते आधी अंगाचा भार देऊन बघा.

घरचा वाळलेला बांबूही चालतो. तो किडलेला किंवा चिरलेला नको. उंची अशी ठेवा की काठी जमिनीवर टेकून मूठ धरली की कोपर काटकोनात वाकेल. उतरताना चार बोटं जास्त लांब असली तर बरं. नुसतं लाकडी टोक ओल्या कातळावर घसरतं. औषधाच्या दुकानात कुबडीला लावायचं रबरी बूच मिळतं, ते बुडाला बसवा. काठीला दोरीचा फास असेल, तर कातळावरून उतरताना मनगट त्यातून काढून ठेवा. पडलात तर हात अडकायला नको.

मग कोणी घ्यावी? ज्यांचे गुडघे जिना उतरताना दुखतात, ज्यांचा तोल जातो, जी पूर्वी पडलेली आहे, तिनं जरूर घ्यावी. जिचे पाय दणकट आहेत आणि जिला हात मोकळे लागतात, तिनं नाही घेतली तरी चालेल. पण एक लक्षात ठेवा, गुडघा सुजलेला असेल, चक्कर येत असेल, तर काठीनं भागणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.

ठरत नसेल तर घरीच करून बघा. जवळच्या टेकडीवर, पाठीवर पाण्याची बाटली आणि डबा घेऊन, एकदा काठीशिवाय आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन उतरा. काठी कुठे टेकायची याची हाताला सवय लागायलाही दोन-तीन फेऱ्या लागतातच. पहिल्यांदा काठी हातात घेऊन थेट डोंगर गाठू नका.

आम्हीही असंच केलं. गटातल्या चौघी काकूंना घेऊन गावाजवळच्या टेकडीवर गेलो. ज्या हसल्या होत्या, त्यांनी उतरताना स्वतःहून काठी मागितली. काकूंनी दिली, पण म्हणाल्या, “पुढच्या वळणावर परत द्या हं, ही माझी आहे.” आता त्या यायच्या म्हणतायत.

तुमच्या गटातही सहल ठरताना कोणी गप्प बसली असेल, तर तिला एकदा विचारा. येते, मैत्रिणींनो. नमस्कार.