देशाआधीची संसद

29 ऑगस्ट 1897. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, एरवी संगीताच्या मैफली रंगायच्या त्या सभागृहात, 17 देशांतले सुमारे दोनशे ज्यू जमले होते. बहुतेकांच्या अंगात काळा टेलकोट, गळ्यात पांढरा टाय. तसा आग्रह ही सभा बोलावणाऱ्या थिओडोर हर्झल यांचा होता. सहकारी मॅक्स नॉर्डाउ साध्या कोटात आले, तर त्यांनाही हर्झलनी कपडे बदलायला लावले. जमीन नाही, सैन्य नाही, सरकार नाही. अशा लोकांची संसद निदान संसदेसारखी दिसली पाहिजे, ही त्यांची तळमळ.

ही पहिली झायोनिस्ट काँग्रेस. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी कायद्याने सुरक्षित असं घर, हे तिचं उद्दिष्ट. ‘शेकेल’ या प्राचीन नाण्याच्या नावाची वर्गणी भरेल त्याला प्रतिनिधी निवडायचा हक्क. दुसऱ्याच वर्षी स्त्रियांनाही मताधिकार मिळाला. यजमान स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशपातळीवर तो मिळायला 1971 उजाडलं!

या सभेचा खरा कस लागला 1903 च्या अधिवेशनात. त्याच वर्षी रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली होती आणि ब्रिटनने पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली होती. ‘युगांडा योजना’ म्हणतात ती हीच, जागा मात्र आजच्या केनियातली. निदान पाहणी तरी करू, असं हर्झल विनवत होते. बाजूने 295 मतं पडली, विरोधात 178. ठराव जिंकला, पण रशियातले प्रतिनिधी उठून बाहेर गेले. काही जण तर जमिनीवर बसून रडले. किशिनेव्हच्या प्रतिनिधींनीही विरोधातच मत दिलं होतं. ज्यांच्या घरात रक्त सांडलं, त्यांनाच दुसरा आसरा नको होता. वर्षभरात, वयाच्या 44 व्या वर्षी, हर्झल गेले. 1905 च्या काँग्रेसने ती योजना फेटाळली.

मतदानाची इतकी चाड असलेल्या या सभेत एक मोठी उणीव होती, ती झाकता येणार नाही. जिच्याविषयी ठराव होत होते, त्या भूमीत बहुसंख्येने राहणाऱ्या अरबांना तिथे आवाज नव्हता. त्या उणिवेची किंमत आजही माणसंच मोजताहेत.

पहिल्या सभेचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आलं होतं. कोकणात तेलघाणे चालवणारा, शनिवार पाळणारा, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला हा मराठी ज्यू समाज. परतीची वाट देवच दाखवील, या श्रद्धेने त्यांनी नकार कळवला. 1948 मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत त्यांच्यातले बहुतेक तिकडे गेले, मराठी सोबत घेऊन.