चीनची विजेची गोफण : 'फुजियान'मध्ये नवं आहे तरी काय?



चीनची 'फुजियान' ही विमानवाहू नौका ५ नोव्हेंबर २०२५ रोजी हैनान बेटावरच्या सान्या बंदरात चिनी नौदलात दाखल झाली. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे निरोप फिरताना दिसतात. एकात चीनने अमेरिकेला केव्हाच मागे टाकलेलं असतं. दुसऱ्यात 'चायना माल, किती दिवस टिकणार' म्हणून विषय संपवलेला असतो. दोन्ही वाचून हाती काही लागत नाही, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनी काही विचारलं तर आपण गप्प बसतो. म्हणून आजच्या भागात एवढंच पाहू या, की या जहाजात नवं नेमकं काय आहे आणि त्याने काय फरक पडतो.

सुरुवात इथूनच, इंग्लंडमधूनच करू. पोर्ट्समथला 'क्वीन एलिझाबेथ' किंवा 'प्रिन्स ऑफ वेल्स' बंदरात असताना तुम्ही गेला असाल, तर त्यांचं पुढचं टोक वर उचललेलं दिसलं असेल. त्याला 'स्की-जंप' म्हणतात. विमानाला हवेत तरंगायला वेग लागतो. विमानतळावर त्यासाठी दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी असते, जहाजावर दोनशे मीटरही मिळणं मुश्कील. मग जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगात निघतं, विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावतं आणि त्या चढावरून वर फेकलं जातं. चढामुळे वेग वाढवायला हवेत आणखी काही क्षण मिळतात. ही युक्ती ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्याची. 'हर्मिस' या जहाजावर असा चढ बसवला गेला, आणि पुढे भारताने तेच जहाज विकत घेऊन १९८७मध्ये 'विराट' या नावाने नौदलात आणलं.

स्की-जंपची व्यवस्था स्वस्त आणि सोपी आहे, पण तिची एक अडचण आहे. सगळा जोर विमानाच्या इंजिनाचाच असल्यामुळे ओझं बेतानं घ्यावं लागतं. इंधन भरपूर घेतलं तर शस्त्रं कमी, शस्त्रं घेतली तर इंधन कमी. जड आणि संथ विमानं तर उडवताच येत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे कॅटापुल्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर जहाजावरची गोफण. विमानाचं पुढचं चाक डेकवरच्या एका सरकत्या पकडीत अडकवतात, आणि ती पकड शंभरेक मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदांत, विमानाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग देऊन सोडते. आतापर्यंत ही गोफण वाफेवर चालायची. 'फुजियान'वर ती विजेवर चालते. वेगवान मॅग्लेव्ह आगगाड्या ज्या तत्त्वावर धावतात, त्याच तत्त्वावर. विजेचा फायदा असा की जोर कमी-जास्त करता येतो. हलक्या ड्रोनला बेताचा झटका, जड विमानाला मोठा. असे विजेचे कॅटापुल्ट याआधी फक्त अमेरिकेच्या 'जेराल्ड फोर्ड'वर होते. 'फुजियान'वर असे तीन आहेत.

हे मोठं पाऊल का, ते समजायला थोडं मागे जाऊ. चीनचं पहिलं विमानवाहू जहाज 'लिआओनिंग' मुळात सोव्हिएत बांधणीचं. युक्रेनमध्ये ते अर्धवट पडून होतं. १९९८मध्ये हाँगकाँगच्या एका व्यावसायिकाने मकाऊमध्ये तरंगता कॅसिनो करायचा म्हणून ते दोन कोटी डॉलर्सला घेतलं. ते धूड ओढत आणताना तुर्कस्तानच्या बॉस्फरस सामुद्रधुनीपाशी दीर्घकाळ अडकलं आणि २००२मध्ये चीनच्या डालियान बंदराला लागलं. कॅसिनो झालाच नाही. २०१२मध्ये ते चिनी नौदलात दाखल झालं. त्यावरचं 'जे-१५' विमानही युक्रेनकडून मिळालेल्या सुखोई-३३च्या एका नमुन्यावरून घडवलेलं. २०१९मध्ये आलेलं दुसरं जहाज 'शानडोंग' चीनने स्वतः बांधलं, पण आराखडा बहुतांश तोच, आणि टोकाला तोच चढ. 'फुजियान' हे त्या साच्यातून बाहेर पडलेलं पहिलं जहाज. डेक सपाट, आराखडा स्वतःचा, वजन ऐंशी हजार टनांच्या घरात.

या गोफणीतून काय उडतं, तेही पाहू. सप्टेंबर २०२५मध्ये चीनने तीन विमानांच्या चाचण्या जाहीर केल्या. पहिलं 'जे-१५टी', म्हणजे जुन्याच विमानाची कॅटापुल्टसाठी मजबूत केलेली आवृत्ती. दुसरं 'जे-३५', रडारला सहज न दिसणारं नवं लढाऊ विमान. तिसरं 'केजे-६००', पंख्याच्या इंजिनांचं, पाठीवर मोठी तबकडी घेऊन फिरणारं.

फोटोत सगळ्यांचं लक्ष 'जे-३५'कडे जातं. पण माझ्या मते खरा फरक पाडणारं विमान ते तिसरं. का, ते पाहा. पृथ्वी गोल आहे. जहाजाच्या डोलकाठीवर तीसेक मीटर उंचीवर रडार बसवलं, तरी समुद्राच्या पृष्ठभागालगत येणारी वस्तू साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसते. तेच रडार नऊ किलोमीटर उंचीवर नेलं, की क्षितिज जवळजवळ चारशे किलोमीटर लांब जातं. गडाच्या माचीवरचा पहारेकरी आणि दरवाजावरचा पहारेकरी यांच्यात जो फरक, तोच हा. स्की-जंपवरून असं जड विमान उडत नाही, त्यामुळे 'लिआओनिंग' आणि 'शानडोंग' यांना लांबवर पाहण्यासाठी हेलिकॉप्टरवर किंवा किनाऱ्यावरून येणाऱ्या विमानांवर अवलंबून राहावं लागतं. किनारा जितका दूर, तितकी नजर अधू. 'फुजियान' मात्र आपला पहारेकरी सोबत घेऊन जाऊ शकते. जून २०२५मध्ये चीनची दोन्ही जुनी जहाजं एकाच वेळी पॅसिफिकमध्ये असल्याचं जपानने सांगितलं होतं. त्या बातमीला हे नवं जहाज जोडून पाहा, म्हणजे तैवान आणि जपानमधल्या लोकांना काळजी का वाटते ते कळेल.

आता दुसरी बाजू. 'फुजियान' अणुशक्तीवर चालत नाही, त्यामुळे तिला लांबच्या प्रवासात इंधनाची जहाजं लागतात. अमेरिकेकडे अशी ११ मोठी जहाजं आहेत आणि ती सगळी अणुशक्तीवर चालतात. चीनकडे एकूण तीन. विजेचे कॅटापुल्टही नाजूक प्रकरण आहे. 'फोर्ड'वर ते भरवशाने चालावेत म्हणून अमेरिकेला कित्येक वर्षं झगडावं लागलं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट उड्डाण नव्हे, उतरणं. हलत्या डेकवर आडव्या ताणलेल्या काही तारा असतात. त्यातल्या एकीत विमानाचा आकडा अडकला पाहिजे. डेकला टेकताच वैमानिक इंजिन पूर्ण जोरात चालू करतो, कारण तार चुकली तर पुन्हा उडावं लागतं. चीनमध्ये पहिल्यांदा असं उतरणं नोव्हेंबर २०१२मध्ये जमलं. त्याच मोहिमेच्या अखेरीस, विमान बनवणाऱ्या शेनयांग कारखान्याचे प्रमुख लुओ यांग हृदयविकाराने गेले. एप्रिल २०१६मध्ये झांग चाओ हा २९ वर्षांचा वैमानिक जमिनीवरच्या धावपट्टीवर सराव करताना, विमानात बिघाड होऊन मृत्युमुखी पडला. त्याच महिन्यात त्याचा एक सहकारी समुद्रात पडून गंभीर जखमी झाला होता. बरा होऊन तो पुन्हा विमानात बसला. 'चायना माल' म्हणून हसताना ही माणसं आठवावीत. आणि चीन सगळ्यांच्या पुढे गेला म्हणतानाही आठवावं, की अमेरिकेने हाच धडा शंभर वर्षं गिरवला आहे आणि त्यासाठी याहून कितीतरी जास्त माणसं गमावली आहेत.

ही विद्या एकदा मिळवली की कायमची राहते, असंही नाही. वाफेचा कॅटापुल्ट ब्रिटिशांनीच शोधला. त्यांचं कॅटापुल्ट असलेलं शेवटचं मोठं जहाज 'आर्क रॉयल' १९७९मध्ये निवृत्त झालं. २०१०मध्ये नव्या जहाजासाठी पुन्हा कॅटापुल्ट घ्यायचं ठरलं, पण खर्च पाहून २०१२मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणून पोर्ट्समथच्या जहाजांचं टोक वर उचललेलं आहे.

आपल्याकडेही हेच झालं. २०१२पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली जुनी 'विक्रांत' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९६१मध्ये ती भारतीय नौदलात आली तेव्हा तिच्यावर वाफेचा कॅटापुल्ट होता. पुढे तो गेला आणि चढ आला. आजची नवी 'विक्रांत' आणि 'विक्रमादित्य', दोन्ही स्की-जंपच्याच. त्यांच्या वैमानिकांना सराव मिळावा म्हणून गोव्यात 'हंसा' या नौदल तळावर जमिनीवरच तसा चढ आणि तशा तारा उभारल्या आहेत. भारताने एप्रिल २०२५मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार केला, त्याआधी त्या विमानाची चाचणी याच चढावरून झाली होती. ही विमानं चांगलीच आहेत, पण रडारची तबकडी वाहणारं 'केजे-६००'सारखं विमान त्या चढावरून उडू शकत नाही, हेही खरं.

तेव्हा पुढच्या वेळी 'फुजियान'चा एखादा व्हिडिओ आला, तर विमान किती झोकात उडालं ते पाहून थांबू नका. ते रात्री, खराब हवेत, दिवसामागून दिवस उडतंय आणि उतरतंय का, त्याच्यासोबत तबकडीवालं विमान आहे का, आणि जहाज किनाऱ्यापासून किती लांब, किती दिवस राहिलं, हे शोधा. फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. आणि मुलांना पोर्ट्समथला नेलंत, तर ते उचललेलं टोक दाखवून त्यांनाच विचारा, हे असं का?

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!