घोडा आणि स्वार : वऱ्हाडातील एक जुने नाते

अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा संध्याकाळी सुरू झालेला पाठलाग चांदण्यातही चालू राहिला आणि त्याचा भार मुख्यतः घोडदळानेच वाहिला. मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग असत : ज्याला घोडा व हत्यारे सरकारी पागेतून, म्हणजे तबेल्यातून, मिळत तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याच्या उपजीविकेचे साधनच नाहीसे होई, त्यामुळे तो घोड्याला पोटच्या पोरासारखा जपे. परंतु याच कारणाने त्याला धोक्यात घालताना तो कचरत असे. मुक्कामावर खोगीर उतरवून पाठीवर घासल्याच्या जखमा तपासणे, खूर पाहणे आणि तोंडाला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, बांधणे ही कामे लढाईइतकीच महत्त्वाची होती. १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातील गाविलगडही पडला आणि भोसल्यांना वऱ्हाड सोडावे लागले. पुढे तेथील घोडदळाचे दिवस सरले, तरी मुक्या जनावराची निगा हेच खऱ्या घोडेस्वारीचे पहिले कर्तव्य आहे, ही त्या परंपरेची शिकवण आजही मोलाची आहे.